टेप, पट्टा आणि आमच्या गावचं उपकेंद्र

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात ओसरीवर माझं शिलाई मशीन आहे. वीस वर्षं झाली, बायकांचे ब्लाउज शिवतेय. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं मापं घेणाऱ्या बाईने लिहिलंय. दीड वर्ष मी दर महिन्याला गावच्या उपकेंद्रात जातेय, सासूबाईंच्या बीपीसाठी, आणि मधले काही महिने धाकट्या जावेच्या मुलासाठी. लोक हॉटेलांचे अनुभव लिहितात, मोबाइलचे लिहितात. सरकारी दवाखान्याबद्दल लिहिलंच तर शिव्या घालायला. मला आलेला अनुभव चांगला आहे, काही ठिकाणी अडचणी आहेत, आणि दोन्ही नीट सांगावं असं फार दिवस मनात होतं.

पाटीवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' लिहिलंय, पण गावात सगळे उपकेंद्रच म्हणतात. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. आत समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ मॅडम, लसीकरण आणि बाळंतपणाचं बघणाऱ्या सिस्टर, आणि एक आरोग्यसेवक. गावात फिरणाऱ्या आशाताई वेगळ्या. केस पेपरला पैसे नाहीत, गोळ्यांना पैसे नाहीत.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या अडुसष्ट वर्षांच्या. गेल्या वर्षी चैत्रात आशाताई तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा तक्ता भरत घरी आल्या. त्यात तंबाखू विचारतात, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का विचारतात, कमरेचं माप घेतात. माप माझ्याच टेपने घेतलं. आत्याबाईंनी मिश्रीचं खरं सांगितलं. आशाताई म्हणाल्या, "आजी, मंगळवारी उपकेंद्रात या, बीपी बघू." आत्याबाईंचं उत्तर ठरलेलं. "मला काय झालंय? डोकं दुखत न्हाई, चक्कर येत न्हाई. रोज भांगलाय जातीय की."

दोन मंगळवार असेच गेले. तिसऱ्या मंगळवारी मी मशीन बंद करून त्यांना हाताला धरून नेलं. बीपी निघालं १७२/९८. मॅडमनी लगेच गोळी दिली नाही. एका मापावर ठरवत नाहीत, आठ दिवसांनी परत या म्हणाल्या. परत १६८/९६ आलं, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि तिथून ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली.

त्या पहिल्या दिवशीच मॅडमनी एक प्रश्न विचारला, जो आजवर आम्हाला कुणी विचारला नव्हता. "आजी, दुसरं काय काय घेता? घरातल्या सगळ्या गोळ्या आणून दाखवा." आत्याबाईंच्या गाठोड्यात गुडघेदुखीच्या गोळ्यांची पाकिटं निघाली. तालुक्याच्या गावातल्या एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या, सात-आठ महिने रोज चालू. दुखण्यावरच्या या गोळ्या बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडावर भार टाकतात, हे त्या दुकानदाराने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही. त्या गोळ्या बहुतेक वेळा मीच आणून दिल्या होत्या.

आता घरच्या बीपीच्या मशीनचं सांगते, कारण ते घेणारे पुष्कळ आहेत. आमच्या ह्यांनी साताऱ्यातून साडेअठराशे रुपयांचं डिजिटल मशीन आणलं. घरी लावलं की १७८, १८१, १७४. गोळी चालू असूनही हे आकडे बघून घरात घबराट. थोरला मुलगा तर रात्रीच साताऱ्याला न्यायला निघाला होता. सकाळी उपकेंद्रात गेलो तर १५४/९०. खरं कुठलं धरायचं?

मॅडमनी मशीनला नावं ठेवली नाहीत. घेऊन या म्हणाल्या. नेलं, आणि पट्टा हातात घेतल्यावर मला बारीक अक्षरात छापलेलं दिसलं: २२ ते ३२ सेंटिमीटर. टेप माझ्या पिशवीत असतोच. आत्याबाईंचा दंड मोजला, खांद्याचं टोक ते कोपर याच्या बरोबर मध्यावर. चौतीस भरला. आत्याबाईंचा जन्म खुरपणीत आणि दळणकांडणात गेला, त्यांचा दंड तसाच आहे. चौतीसच्या दंडाला बत्तीसचा पट्टा म्हणजे छत्तीसच्या छातीला चौतीसचा ब्लाउज. पट्टा लहान पडला की यंत्र बीपी वाढवून दाखवतं. मॅडमच्या कपाटात दोन पट्टे होते आणि त्या पहिल्या दिवसापासून आत्याबाईंना मोठाच लावत होत्या. आम्हाला ते कळलंही नव्हतं. मशीन विकताना दुकानात कुणी दंडाचं माप विचारलं नाही, ही माझी तक्रार आहे. चप्पल घेताना नंबर विचारतात, इथं का नाही? पुढं सातशे रुपये घालून मोठा पट्टा वेगळा मागवला. आता घरातलं आणि उपकेंद्रातलं माप चार-पाच आकड्यांच्या फरकाने जुळतं. एक लक्षात ठेवण्यासारखं मॅडमनी सांगितलं: दवाखान्यात १४०/९० ही हद्द धरतात, घरी घेतलेल्या मापाला १३५/८५.

मॅडम माप कसं घेतात ते मी दर महिन्याला बघते, आणि दर वेळी तितकंच मन लावून बघते. आधी पाच मिनिटं नुसतं बसवतात. लघवीला जाऊन आलात का विचारतात. अर्ध्या तासात चहा घेतलाय का, मिश्री लावलीय का, तंबाखू खाल्लीय का. पाय लोंबकळते ठेवायचे नाहीत, पायावर पाय नाही, दोन्ही तळवे जमिनीला. पाठ भिंतीला टेकलेली. टेबलावर चादरीची घडी ठेवतात आणि त्यावर हात, म्हणजे पट्टा काळजाच्या उंचीला येतो. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर घेतलं होतं, उजव्यावर जास्त आलं, म्हणून कार्डावर 'उजवा' असं लिहिलंय आणि तेव्हापासून उजव्यावरच घेतात. आणि बोलायचं नाही. आत्याबाईंना हे सगळ्यात अवघड. एकदा पट्टा फुगत असतानाच त्या सांगायला लागल्या, "म्हस कालपासनं वैरण खाईना बगा." १५८ आलं. मॅडम काही बोलल्या नाहीत, मिनिटभर थांबल्या, ओठावर बोट ठेवलं, परत घेतलं. १४६. दोन्ही आकडे लिहिले.

शिवणात माप चुकलं की पुढची सगळी मेहनत वाया जाते, कापड जातं ते वेगळंच. इथं माप चुकलं तर नको ती गोळी वाढते, नाहीतर हवी ती मिळत नाही. मोठ्या नावाच्या दवाखान्यात मी उभ्या उभ्या, ब्लाउजच्या बाहीवरून, बोलता बोलता बीपी घेतलेलं पाहिलंय. म्हणून या दोन खोल्यांची मला किंमत वाटते.

बाहीवरून आठवलं. आत्याबाईंचा ब्लाउज कोपरापर्यंत बाहीचा, दंडाला घट्ट. बाहीवरून पट्टा लावला तर माप बरोबर येत नाही आणि बाही वर सरकवली तर तिचाच दंडाला करकोचा बसतो. नर्सबाई असली तरी म्हातारी बाई चारचौघांत हूक काढून हात बाहेर काढायला तयार होत नाही. मी घरी येऊन विचार केला आणि बाहीची शिवण बाहेरच्या बाजूला घेतली, खालून खांद्याच्या तीन बोटं अलीकडपर्यंत ती उघडी ठेवली, आतून पट्टी लावली आणि पाच टिचबटणं बसवली. बंद केलं की कळतही नाही. मंगळवारी हा ब्लाउज घालायचा. टक्‌ टक्‌ करत बटणं सुटली आणि पूर्ण दंड मोकळा झाला तेव्हा मॅडम खुर्चीवरून उठून बघायला आल्या. आजवर असे अकरा शिवलेत. शिलाई नेहमीचीच घेते, बटणांचे वेगळे घेत नाही.

गोळीचा खरा प्रश्न तीन महिन्यांनी आला. १३२/८४ आलं आणि आत्याबाईंनी मनाशी ठरवलं की बीपी गेलं. आषाढात त्या लोणंदपासून माउलींच्या पालखीबरोबर चालतात, पंधरा वर्षांचा नेम. गोळ्या घरी देवळीत ठेवून गेल्या. मला त्या परत आल्यावर देवळीत पणतीमागं सापडल्या. उपकेंद्रात बीपी निघालं १८६/१०४. मला वाटलं आता बोलणी बसणार. मॅडमनी फक्त विचारलं, "आजी, वारीत गोळी सोबत न्यायला अडचण काय झाली?" आत्याबाई म्हणाल्या, "पावसात भिजत्यात. आन्‌ बरं वाटाय लागल्यावर कशाला खायाची?" मग मॅडमनी सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगते: "आजी, गोळीमुळं आकडा खाली आला होता. गोळी म्हणजे बांध आहे. पाणी दिसत नाही म्हणून कुणी बांध फोडतं का?" शेतातल्या बाईला यापेक्षा वेगळं समजवायला लागत नाही.

यंदाच्या वारीला मी त्यांना चंची शिवून दिली. तीन कप्पे, मधल्याला आतून प्लास्टिकचा कागद. ज्या कप्प्यात मिश्रीची डबी असायची तिथं गोळ्या. मॅडमनी महिन्याच्या गोळ्या आधीच दिल्या आणि कार्डावर तारीख टाकून दिली. परत आल्यावर १३८/८६. मिश्री पूर्ण सुटलेली नाही. दिवसातून तीनदा होती ती सकाळच्या एका वेळेवर आली आहे, आणि मंगळवारी ती वेळही टळते.

मध्ये आत्याबाईंचे पाय सुजले होते. संध्याकाळी वहाणेचा पट्टा रुतायचा. शेजारणींनी किडनी गेली इथपर्यंत नेलं. ॲम्लोडिपिनच्या गोळीने काहींच्या घोट्यांना सूज येते हे मॅडमना माहीत होतं, तरी त्यांनी लघवी आणि रक्त तपासायला पाठवलं आणि ई-संजीवनीवर, म्हणजे लांबच्या डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेवर, डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. तपासण्या नीट आल्या, डॉक्टरांनी गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली, सूज उतरली. ई-संजीवनीचा फोन मात्र पडवीच्या एका कोपऱ्यात उभं राहिलं तरच लागतो.

साताऱ्यात हे काम नवं नाही, हे मला मागाहून कळलं. २०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते: भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि आपला सातारा. प्रत्येक पेशंटचं कार्ड, ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या गोळ्या, चुकला तर फोन किंवा घरी निरोप, ही पद्धत तिथली. आत्याबाईंची तारीख चुकली त्या महिन्यात आशाताई दोनदा दारात आल्या होत्या.

मिठाचं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. मीठ कमी खा असं सगळेच सांगतात. किती कमी, ते कुणी सांगत नाही. मॅडमनी मला सांगितलं, मिठाच्या पुडीवर फोडल्याची तारीख लिहा. आमच्यात मोठी माणसं सात. जनावरांचे खडे वेगळे, लोणच्या-पापडाचं मीठ उन्हाळ्यात वेगळं येतं. किलोची पुडी अठरा दिवसांत संपली. हिशेब केला तर माणशी दिवसाला जवळजवळ ८ ग्रॅम, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण धरलेलंच नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर, त्यात सगळं आलं. त्या मापाने आमची पुडी अठ्ठावीस दिवस पुरायला हवी. मी भाकरीच्या पिठातलं मीठ बंद केलं. ताटात मीठ वाढणं बंद केलं. खर्ड्यात मीठ निम्मं आणि लसूण दुप्पट. पहिले पंधरा दिवस ह्यांनी आणि दिरांनी जेवताना तोंड वाकडं केलं, मग जिभेला सवय झाली. आता पुडी चोवीस दिवस जाते. मीठ अजून कमी व्हायचं बाकी आहे, पण तारीख लिहिली नसती तर मी आयुष्यभर म्हणत राहिले असते की आमच्यात मीठ कमीच असतं. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं ते मी आणणार होते. त्यात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, हेही तिथंच कळलं.

आता बाळाचं. धाकट्या जावेचा मुलगा तेव्हा एकोणीस महिन्यांचा. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीच्या ताई वजनकाटा आणि दंडघेराची पट्टी घेऊन उपकेंद्रात बसलेल्या. ही पट्टी म्हणजे कागदासारखी पातळ, लाल, पिवळी, हिरवी. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळी, वर हिरवी. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना एकच पट्टी चालते. मला आधी हे पटेना. वाढत्या मुलाला एकच माप कसं? सिस्टरनी सांगितलं, या वयात दंडाचा घेर फारसा बदलत नाही, म्हणून तो कमी भरला तर अंगावरचं मांस उतरलंय असं धरतात. डावा हात, खांद्याचं हाड ते कोपर, मध्यावर पेनाने खूण, हात सैल सोडलेला, पट्टी कातडीला टेकेल पण दाबणार नाही. बाळ रडत होतं, हात आखडून धरला होता. ताईंनी ते शांत होईपर्यंत थांबून परत घेतलं. १२.१. पिवळा.

जाऊ रडायलाच लागली. बाळ गुटगुटीत दिसायचं, गाल भरलेले, कुणी हडकुळं म्हणालं नसतं. सिस्टरनी तिला बाजूला बसवून एकच गोष्ट विचारली, काल सकाळपासून रात्रीपर्यंत याने काय काय खाल्लं ते ओळीने सांग. सकाळी चहात बिस्कीट. मग दहा रुपयांचं कुरकुऱ्यांचं पाकीट. दुपारी डाळीच्या पाण्यात अर्धी भाकरी. परत चहा-बिस्कीट. रात्री भाताचे चार घास. आणि अंगणवाडीतून मिळणारी घरपोच आहाराची पाकिटं कुठं जातात, तर म्हशीच्या आंबोणात. जावेने मान खाली घालून खरं ते सांगितलं. आमच्या गल्लीत बऱ्याच घरी हेच होतं.

त्यांनी दिलेला सल्ला महागाचा नव्हता, म्हणूनच तो टिकला. चहा पूर्ण बंद, त्याने लोह अंगाला लागत नाही. डाळीचं पाणी नको, घट्ट डाळ, त्यात भाकरी कुस्करून वर चमचाभर तूप किंवा शेंगदाण्याचं कूट. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं, वेगळ्या वाटीत, म्हणजे किती गेलं ते दिसतं. एक अंडं. पाकिटातल्या पिठाची गूळ घालून लापशी. लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर, जंताची गोळी, सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस. वाटी मीच आणली, स्टीलची, लहान, तिच्यावर त्याचं नाव कोरून. दर पंधरा दिवसांनी माप. १२.१, १२.२, मग जुलाब झाले आणि परत १२.१. तेव्हा जाऊ म्हणाली, "अक्का, काय उपयोग?" त्या वेळी सिस्टर ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या घेऊन स्वतः घरी आल्या, झिंक चौदा दिवस द्यायला सांगून गेल्या, जुलाब थांबले तरी. चार महिने संपताना १२.७ भरलं. पट्टीच्या छोट्या खिडकीत हिरवा रंग आला तेव्हा जावेने पट्टी तशीच धरून ठेवायला सांगितली आणि मोबाइलवर फोटो काढून माहेरी पाठवला.

अडचणी आहेत त्या सांगते. पावसाळ्यात दोन महिने टेल्मिसार्टन आली नाही. आम्ही बाहेरून विकत घेतली, आम्हाला परवडलं. पण ज्या बाईच्या हातात रोजगाराचे पैसे आठवड्याने येतात तिची गोळी अशा वेळी तुटते, आणि तुटलेली गोळी परत सुरू करणं किती अवघड ते मी घरात पाहिलंय. दुसरं, वेळ. बीपी-शुगरवाल्या बायका सकाळी नऊला रानात गेलेल्या असतात आणि उपकेंद्रात तीच गर्दीची वेळ. आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी सहा ते आठ उघडं राहिलं तर निम्म्या बायका येतील, मी त्यांना ओळखते. तिसरं म्हणजे बसायला स्टुलं आहेत. पाठ टेकवायला मॅडमना भिंतीजवळ जागा करून द्यावी लागते, आणि तिथं एका वेळी एकच माणूस बसतो. इतकं नेमकं माप घेणाऱ्या माणसांना पाठ असलेल्या दोन खुर्च्या मिळू नयेत याचं मला वाईट वाटतं.

उपकेंद्राच्या हाताखाली साधारण पाच हजार माणसं धरलेली असतात. तिथं तीन जण काम करतात. कुणाला जायचं असेल तर मंगळवारी किंवा शुक्रवारी जा, जुनी चिठ्ठी आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, चहा घरी परत आल्यावर प्या, आणि बायकांनी सैल बाहीचा ब्लाउज घाला.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत खुर्च्यांचा आणि संध्याकाळच्या वेळेचा अर्ज द्यायचा आहे. अर्ज मुलीने लिहून दिलाय. ब्लाउज न्यायला येणाऱ्या प्रत्येकीची सही मी मशीनवरच घेते. आज सकाळपर्यंत त्रेपन्न झाल्या. पहिला अंगठा आत्याबाईंचा आहे.